बीडीएसचं वर्ष वाया जाऊ नये म्हणून: हजेरी, निकाल आणि वरच्या वर्गात जाण्याचे नियम, टप्प्याटप्प्याने

निकाल लागला की बीडीएस, म्हणजे दंतवैद्यकाची पदवी, शिकवणाऱ्या डेंटल कॉलेजच्या स्टुडंट सेक्शनच्या खिडकीवर एकच प्रश्न ऐकू येतो: "एकच विषय राहिलाय, म्हणजे मी वर गेलो ना?" उत्तर "हो" असतं, पण ते अर्धंच असतं. उरलेलं अर्धं मुलांना आठ-दहा महिन्यांनी कळतं. तोवर दुसऱ्या वर्षाची सगळी लेक्चर्स, प्रात्यक्षिकं, इंटर्नल (कॉलेजच्या अंतर्गत चाचण्या) झालेली असतात आणि परीक्षेच्या अर्जावर मात्र नाव येत नाही.

हा गोंधळ होतो, कारण चार वेगळे प्रश्न एकच समजले जातात. मी परीक्षेला बसायला पात्र आहे का? माझा विषय सुटला, म्हणजे पास झाला का? मला वरच्या वर्गात बसता येईल का? आणि वरच्या वर्गाची परीक्षा देता येईल का? प्रत्येकाचा नियम वेगळा आहे आणि एकाचं उत्तर दुसऱ्याला लागू होत नाही. पुढचे टप्पे याच क्रमाने लावले आहेत. वर्ष सुरू होतानाच वाचलेत तर उपयोग जास्त.

## आधीची तयारी: नियम कुठला आणि कागद कोणते

बीडीएसचा मूळ नियम म्हणजे भारतीय दंत परिषदेचे (डेंटल कौन्सिल ऑफ इंडिया, म्हणजे डीसीआय) २००७ चे सुधारित अभ्यासक्रम विनियम आणि त्यात नंतर झालेल्या दुरुस्त्या. सगळे त्याला डीसीआयचे नियम म्हणतात. महाराष्ट्रात बहुतेक कॉलेजं नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी, म्हणजे एमयूएचएसशी, संलग्न आहेत. परीक्षांचं वेळापत्रक, अर्ज, शुल्क आणि निकालानंतरची प्रक्रिया हे विद्यापीठ ठरवतं. बांबोळीचं गोवा डेंटल कॉलेज गोवा विद्यापीठाकडे आहे. अभिमत विद्यापीठांची स्वतःची नियमपुस्तिका असते. पाया सगळीकडे डीसीआयचाच असतो, पण तपशील आपल्या विद्यापीठाचा पाहायचा.

२०२३ मध्ये राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा झाला आहे, त्यामुळे पुढे नियमांत बदल होऊ शकतात. म्हणून कुठलाही नियम वाचताना पहिला प्रश्न हाच असू द्या: हा माझ्या प्रवेशाच्या बॅचला लागू आहे का? नंतरची दुरुस्ती कधी जुन्या विद्यार्थ्यांना लागू असते, कधी नसते. ते त्या दुरुस्तीतच लिहिलेलं असतं.

एक फाइल करा आणि त्यात हे ठेवा:

- प्रवेशाची तारीख दाखवणारं पत्र किंवा पावती. पुढच्या सगळ्या मुदती या तारखेपासून मोजल्या जातात.
- तुमच्या बॅचच्या नियमांची आणि अभ्यासक्रमाची छापील प्रत.
- प्रत्येक परीक्षेच्या अर्जाची प्रत, शुल्काची पावती, हॉल तिकीट, गुणपत्रक.
- इंटर्नलचे गुण नोटीस बोर्डावर लागतील तेव्हाचा तारखेसह फोटो.
- हजेरीची स्वतःची वही.

सावधान: सीनियरने व्हॉट्सॲपवर पाठवलेला नियमाचा फोटो म्हणजे नियम नव्हे. त्यावर परिपत्रकाची तारीख आणि क्रमांक नसेल तर त्याच्या भरवशावर एकही निर्णय घेऊ नका.

## टप्पा १: या वर्षी परीक्षा कशाची आणि नुसतं शिक्षण कशाचं

अभ्यासक्रम चार वर्षांचा, प्रत्येक वर्षी २४० अध्यापन दिवस, त्यानंतर एक वर्षाची सशुल्क नव्हे तर विद्यावेतनासह फिरती इंटर्नशिप. परीक्षा अशा होतात:

पहिलं वर्ष: ॲनॉटॉमी; फिजिओलॉजी आणि बायोकेमिस्ट्री मिळून एक विषय; डेंटल ॲनॉटॉमी आणि ओरल हिस्टॉलॉजी मिळून एक. एकूण तीन.

दुसरं वर्ष: पॅथॉलॉजी आणि मायक्रोबायोलॉजी मिळून एक, फार्माकॉलॉजी, डेंटल मटेरियल्स, शिवाय प्रीक्लिनिकल (पेशंटवर काम करण्याआधीचा सराव) प्रोस्थो (कृत्रिम दात, कवळ्या) आणि प्रीक्लिनिकल कॉन्झ (दात भरणं). एकूण पाच. शेवटच्या दोघांना लेखी पेपर नाही.

तिसरं वर्ष: जनरल मेडिसिन, जनरल सर्जरी, ओरल पॅथॉलॉजी. एकूण तीन.

चौथं वर्ष: ओरल मेडिसिन, पेडो (लहान मुलांचे दात), ऑर्थो (वाकडे दात सरळ करणं), पेरिओ (हिरड्या), प्रोस्थो, कॉन्झ आणि एन्डो (रूट कॅनल), ओरल सर्जरी, पब्लिक हेल्थ डेंटिस्ट्री. एकूण आठ.

ही यादी सगळ्यांना पाठ असते. चूक होते ती त्या वर्षाच्या यादीबाहेरच्या विषयांत. डेंटल मटेरियल्स पहिल्या वर्षापासून शिकवतात, परीक्षा दुसऱ्यात. ओरल पॅथॉलॉजी दुसऱ्यापासून सुरू होते, परीक्षा तिसऱ्यात. आणि चौथ्या वर्षाचे बहुतेक क्लिनिकल विषय तिसऱ्या वर्षाच्या पोस्टिंगपासूनच (विभागांत आळीपाळीने काम करण्यापासूनच) मोजायला लागतात. "याची परीक्षा यंदा नाही" म्हणून बुडवलेला प्रत्येक तास पुढच्या वर्षाच्या हिशोबात बसतो.

तपासा: वहीच्या पहिल्या पानावर दोन रकाने करा. एकात यंदा परीक्षा असलेले विषय, दुसऱ्यात फक्त शिकवले जाणारे. दोन्हींची हजेरी ठेवायची.

## टप्पा २: हजेरी दर महिन्याला मोजा

नियम तीन ओळींचा आहे. प्रत्येक वर्षी थिअरीत ७५ टक्के. प्रॅक्टिकल किंवा क्लिनिकलमध्ये वेगळे ७५ टक्के. ज्या विषयाची त्या वर्षी परीक्षा नाही त्यात निदान ७० टक्के, पण परीक्षेच्या वेळी त्या विषयाची एकूण हजेरी ७५ टक्के भरलीच पाहिजे.

"वेगळे" हा शब्द नीट घ्या. थिअरीची जास्तीची हजेरी प्रॅक्टिकलच्या खात्यात येत नाही. आणि टक्केवारी विषयागणिक आहे, सगळ्या विषयांची सरासरी काढून नाही.

छोट्या विषयांत मुलं सर्वांत जास्त अडकतात. डीसीआयच्या तक्त्यात ॲनॉटॉमीची लेक्चर्स १०० तास आणि प्रॅक्टिकल १७५ तास आहेत. तिथे चार-पाच तास बुडाले तरी सावरायला जागा असते. फार्माकॉलॉजीची लेक्चर्स ७० तास, पण प्रॅक्टिकल फक्त २० तास. दोन-दोन तासांची तीन प्रॅक्टिकल बुडवली की १४ तास उरतात, म्हणजे ७० टक्के. तीन दुपारी गेल्या आणि विद्यार्थी अपात्र झाला. लेक्चरला शंभर टक्के हजर असलेली मुलंही अशीच अडकतात आणि त्यांना खरंच कळत नाही की चुकलं कुठे.

दोन वर्षं चालणाऱ्या विषयांचा हिशोबही करून पाहा. समजा एका क्लिनिकल विषयाची तिसऱ्या वर्षी १०० लेक्चर्स झाली आणि तुम्ही ७० ला होता. ७० टक्के, त्या वर्षापुरतं ठीक. चौथ्या वर्षी ६० होणार असतील तर एकूण १६० पैकी १२० लागतील. म्हणजे ६० पैकी ५० ला बसावंच लागेल, ८३ टक्क्यांच्या वर. तिसऱ्या वर्षी ७० वर समाधान मानलं तर शेवटच्या वर्षी आजारी पडायलाही सवड राहत नाही.

जनरल मेडिसिन आणि सर्जरीचं पोस्टिंग बऱ्याचदा दुसऱ्या इमारतीत किंवा वेगळ्या रुग्णालयात असतं. तिथली हजेरी तिथल्या रजिस्टरवर राहते आणि आपल्या कॉलेजात वेळेवर पोचत नाही. पोस्टिंग संपेल त्याच दिवशी सही-शिक्क्याचा हजेरीपट घ्या, त्याची प्रत काढा आणि मूळ कागद स्टुडंट सेक्शनला देऊन पोच घ्या. सहा महिन्यांनी त्या युनिटचे रेसिडेंट बदललेले असतात आणि सही करायला कोणी ओळखीचं उरत नाही.

सावधान: वैद्यकीय दाखला दिला म्हणजे हजेरी लागली, हा समज फार महागात पडतो. डीसीआयच्या विनियमात आजारपणासाठी वेगळी टक्केवारी दिलेली नाही. दाखला जरूर द्या, पण त्याच आठवड्यात विभागप्रमुखांना भेटून बुडालेली प्रॅक्टिकल दुसऱ्या बॅचसोबत भरून काढता येतील का ते विचारा. टर्म संपल्यावर विचारून काही होत नाही.

तपासा: महिन्याच्या शेवटी विभागाच्या हजेरीशी आपली वही जुळवा. तफावत असेल तर त्याच आठवड्यात सांगा.

## टप्पा ३: इंटर्नल, जर्नल आणि कोटा

प्रत्येक विषयाच्या थिअरीत १० आणि प्रॅक्टिकलमध्ये १० गुण इंटर्नलचे. वर्षातून निदान तीन वेळा चाचण्या व्हाव्यात, असं विनियम सांगतो. दहा गुणांनी काय होतं, असं वाटत असेल तर टप्पा ५ मधली उदाहरणं आधी वाचा.

प्रीक्लिनिकल प्रोस्थो आणि कॉन्झमध्ये तर १०० पैकी २० गुण इंटर्नलचे असतात. प्रोस्थोत मेणात दात लावायचा सराव असो की कॉन्झमध्ये अमाल्गमसाठी कॅव्हिटी कापणं, वर्षभराच्या कामावर सही झालेली असली पाहिजे. काम केलं आणि सही राहिली, तर कागदावर काम झालेलंच नाही. दात लावून झाले, सरांनी बघून मान हलवली आणि पुढच्या टेबलावर गेले, की जर्नल घेऊन तिथेच मागे जा. ते काम मेणातलं असतं. उन्हाळ्यात लॉकरमध्ये ठेवलं की सुळा फिरतो, मिडलाइन सरकते आणि चार दिवसांनी सही मागायला गेलात तर तेच काम परत करावं लागतं.

क्लिनिकल वर्षांत कोटा येतो: इतके एक्स्ट्रॅक्शन, इतकी फिलिंग, इतक्या कवळ्या. आकडा कॉलेजनुसार बदलतो. चूक सगळीकडे एकच: सोपे कोटे आधी संपवायचे आणि लांबणारे शेवटी ठेवायचे. पूर्ण कवळीच्या एका पेशंटला इम्प्रेशनपासून कवळी बसवेपर्यंत पाच-सहा वेळा बोलवावं लागतं. गावाकडून येणारे आजोबा पेरणीच्या दिवसांत येत नाहीत, सणाला येत नाहीत. म्हणून कवळी आणि ऑर्थोचं काम पोस्टिंगच्या पहिल्या आठवड्यातच सुरू करा. फिलिंगचे पेशंट शेवटपर्यंत मिळतात.

## टप्पा ४: परीक्षेचा अर्ज

एमयूएचएसच्या परीक्षा उन्हाळी आणि हिवाळी अशा दोन सत्रांत होतात. क्रम असा ठेवा:

1. अर्जाची तारीख येण्याआधीच विषयवार हजेरी आणि इंटर्नल लेखी स्वरूपात पाहून घ्या.
2. अर्जावर विषय स्वतः तपासा. मागे राहिलेला विषय असेल तर त्यावर खूण आहे का, हे दोनदा पाहा.
3. विलंब शुल्क लागणार नाही अशा तारखेत अर्ज भरा. प्रत आणि पावती फाइलमध्ये.
4. हॉल तिकीट हातात आल्यावर नाव, विषय आणि केंद्र त्याच दिवशी तपासा.

मागचा विषय घेऊन वर गेलेली मुलं या यादीतल्या दुसऱ्या पायरीवर चुकतात. नवीन वर्गाच्या धांदलीत त्यांचं लक्ष हिवाळी सत्राच्या नोटिशीकडे जात नाही, कारण ती नोटीस त्यांच्या सध्याच्या वर्गात कोणी वाचत नाही. जुन्या वर्षाच्या बोर्डावर आठवड्यातून एकदा जाऊन या.

## टप्पा ५: निकाल कसा वाचायचा

लेखी पेपर असलेल्या प्रत्येक विषयाचे २०० गुण असतात आणि ते दोन स्वतंत्र गटांत मोडतात.

थिअरी १००: लेखी ७०, तोंडी २०, इंटर्नल १०.
प्रॅक्टिकल १००: विद्यापीठाची परीक्षा ९०, इंटर्नल १०.

दोन्ही गटांत वेगवेगळे ५० हवेत. तोंडी परीक्षा थिअरीत मोजली जाते, प्रॅक्टिकलमध्ये नाही. प्रॅक्टिकलच्या दिवशीच व्हायव्हा होते म्हणून अनेकांना उलटं वाटतं.

दोन विद्यार्थी पाहा. पहिल्याला लेखीत ३२, तोंडीत ११, इंटर्नल ४, बेरीज ४७. प्रॅक्टिकलमध्ये ७२. एकूण २०० पैकी ११९, म्हणजे साठ टक्क्यांच्या जवळ, तरी तो नापास. दुसरीला लेखीत २८, तोंडीत १५, इंटर्नल ८, बेरीज ५१. प्रॅक्टिकलमध्ये ५५. एकूण १०६, आणि ती पास. लेखीत चार गुण कमी असूनही इंटर्नल आणि तोंडीने तिला तारलं. इंटर्नलचे दहा गुण वर्षभर आपल्या हातात असतात. पेपर कसा निघेल, हे कोणाच्याच हातात नसतं. म्हणून मी विद्यार्थ्यांना इंटर्नलच्या मागे लागायला सांगतो.

फिजिओलॉजी-बायोकेमिस्ट्री आणि पॅथॉलॉजी-मायक्रोबायोलॉजी यांच्या लेखी पेपरात ३५-३५ गुणांचे दोन भाग असतात, पण विषय एकच. प्रीक्लिनिकलच्या दोन विषयांत प्रात्यक्षिक ६०, तोंडी २०, इंटर्नल २०. एकत्र १०० पैकी ५० हवेत.

ग्रेस गुण: सगळे विषय सुटले आणि फक्त एकात नापास असाल तर जास्तीत जास्त ५ गुण देता येतात, असा विनियम आहे. वरच्या उदाहरणातल्या पहिल्या मुलाला तीन गुण हवे आहेत. बाकी सगळे विषय पास असतील तर त्याला ही वाट आहे. दोन विषयांत एकेक गुण कमी पडला तर नाही. "पाच गुण मिळतातच" असं धरून एक विषय सोडून देणारी मुलं दुसऱ्याही विषयात घसरतात, आणि मग ग्रेसचा प्रश्नच उरत नाही.

६५ टक्क्यांना प्रथम श्रेणी आणि ७५ टक्क्यांना डिस्टिंक्शन, पण पूर्ण परीक्षा पहिल्याच प्रयत्नात पास झालेल्यांनाच.

## टप्पा ६: निकालानंतरचे पहिले दिवस

नापास झाल्याचं दुःख मोठं असतं. घरी सांगायचं कसं, या विचारात मुलं आठवडाभर फोन बंद करून बसतात. नेमक्या त्याच आठवड्यात अर्जांच्या तारखा निघून जातात. आधी तारखा लिहून काढा, मग घरी बोला. आईवडिलांनाही विनंती आहे की पहिला प्रश्न "किती गुण?" असा न विचारता "अर्जाची शेवटची तारीख कधी?" असा विचारा.

गुणांच्या फेरमोजणीचा अर्ज करायचा का, हे गुणांच्या फोडीवरून ठरवा. अपेक्षेपेक्षा लेखीत फार कमी असतील तर करा. प्रॅक्टिकलमध्ये नापास झाला असाल तर लेखीच्या फेरमोजणीने काही सुटत नाही. फेरतपासणी, उत्तरपत्रिकेची छायाप्रत यांतलं काय मिळतं, हे त्या सत्राच्या विद्यापीठ सूचनेत दिलेलं असतं.

सावधान: फेरमोजणीचा निकाल येईपर्यंत पुढच्या सत्राचा अर्ज थांबवू नका. दोन्ही एकाच वेळी चालू द्या. आणि पुढच्या वेळी लेखी, तोंडी, प्रॅक्टिकल असा पूर्ण विषय द्यायचा आहे, असं धरूनच तयारीला लागा.

कॉलेज बदलायचं असेल तर तो विषयही इथेच येतो. स्थलांतर हा विद्यार्थ्याचा हक्क नाही. अपवादात्मक, सहानुभूतीच्या कारणासाठीच त्याचा विचार होतो. पहिल्या वर्षाची परीक्षा पास झालेली हवी आणि निकालानंतर एका महिन्यात पूर्ण अर्ज सगळ्या संबंधितांकडे जायला हवा. क्लिनिकल वर्षांत ते होत नाही.

## टप्पा ७: वर जाणं म्हणजे नेमकं काय

सगळ्यात जास्त वर्षं इथे वाया जातात, म्हणून सावकाश वाचा.

नियम असा: परीक्षेत एकाच विषयात नापास झालेल्या विद्यार्थ्याला वरच्या वर्गात जाता येतं. पण त्याने तो विषय यशस्वीपणे पूर्ण केल्याशिवाय त्याला वरच्या वर्गाच्या परीक्षेला बसता येत नाही.

पहिलं वाक्य सगळ्यांना ठाऊक असतं. दुसरं वाक्य फार थोडे वाचतात. इंजिनिअरिंगमधल्या मित्रांची एटीकेटी (मागचे विषय राहिले तरी वर जाण्याची सवलत) ऐकून अनेकांना वाटतं की मागचा आणि पुढचा विषय एकाच सत्रात देऊ. इथे ते चालत नाही.

प्रत्यक्षात कसं घडतं ते पाहा. एका विद्यार्थिनीची उन्हाळी परीक्षेत ॲनॉटॉमी राहिली. ती दुसऱ्या वर्षात बसली. हिवाळी सत्रात ॲनॉटॉमी सुटली तर काहीच बिघडलं नाही, पुढच्या उन्हाळ्यात ती आपल्या बॅचसोबत दुसऱ्या वर्षाची परीक्षा देईल. पण हिवाळ्यात पुन्हा राहिली, तर पुढच्या उन्हाळ्यात तिला फक्त ॲनॉटॉमी देता येईल. दुसऱ्या वर्षाची हजेरी, इंटर्नल, जर्नल सगळं पूर्ण असूनही पाच विषयांची परीक्षा त्यानंतरच्या सत्रात जाईल. म्हणजे बॅचसोबत राहायला तिला एकच संधी होती, ती हिवाळ्यातली.

म्हणून एक विषय घेऊन वर गेलेल्यांना माझा स्पष्ट सल्ला आहे: हिवाळी परीक्षा होईपर्यंत तो जुना विषयच तुमचा पहिला विषय. दुसऱ्या वर्षाची हजेरी भरा, प्रीक्लिनिकलचं काम त्या दिवशीच पूर्ण करा, पण संध्याकाळचा अभ्यासाचा वेळ ॲनॉटॉमीला द्या. जुन्या विषयाच्या विभागात पंधरा दिवसांतून एकदा जाऊन शिक्षकांना भेटा. स्लाइड्स, बोन्स, मॉडेल्स पुन्हा पाहायला वेळ मागा. बहुतेक शिक्षक देतात.

दोन किंवा अधिक विषय राहिले तर वरच्या वर्गात जाता येत नाही. पास झालेले विषय पुन्हा द्यायचे नसतात, राहिलेलेच द्यायचे. पुढच्या सत्रात ते सुटले, किंवा एकच उरला, की वर जाता येतं. पण त्या वर्षाचा अभ्यासक्रम तेव्हापासून सुरू होतो. कॉलेजात अशा मुलांना ऑड बॅच म्हणतात. मूळ बॅचपेक्षा ती साधारण सहा महिने मागे असते.

हे सहा महिने घरी बसून काढू नका. ऑड बॅचची सर्वांत मोठी अडचण अभ्यासाची नसते, संपर्क तुटण्याची असते. नोटिसा पोचत नाहीत, पोस्टिंगच्या यादीत नाव चुकतं, जर्नलची नवी पद्धत कळत नाही. वर गेल्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येक विभागात जाऊन हजेरीपटावर आपलं नाव कोणत्या तारखेपासून लागलं आहे, हे डोळ्यांनी पाहा.

तपासा: वर गेल्यावर स्वतःला हे विचारा. मागचा विषय कोणत्या सत्रात देणार? तो निकाल वरच्या परीक्षेच्या अर्जाआधी लागेल का? नाही लागला तर माझी वरची परीक्षा कोणत्या सत्रात जाईल? तिन्ही उत्तरं तारखांसह लिहा.

## टप्पा ८: तीन वर्षं आणि नऊ वर्षं

दोन बाह्य मर्यादा आहेत. पहिल्या वर्षाचे सर्व विषय प्रवेशाच्या तारखेपासून ३ वर्षांत सुटले पाहिजेत. संपूर्ण बीडीएस, एक वर्षाची इंटर्नशिप धरून, ९ वर्षांत. नाहीतर अभ्यासक्रमातून नाव कमी होतं. या मर्यादा तुमच्या बॅचला कशा लागू आहेत, ते फाइलमधल्या नियमप्रतीत पाहून ठेवा.

प्रवेश १ ऑक्टोबर २०२३ ला झाला असेल तर पहिलं वर्ष सप्टेंबर २०२६ अखेर सुटायला हवं. मोजणी पहिल्या परीक्षेपासून नाही, प्रवेशापासून आहे. पहिलं पूर्ण वर्ष शिकण्यात जातं, म्हणून सहा-सहा महिन्यांच्या सत्रांतून हातात जेमतेम चार-पाच संधी येतात. हजेरी कमी पडून एक सत्र हुकलं की त्यातली एक न देताच गेली. एकच विषय उरला आहे म्हणून ही मुदत वाढत नाही.

नऊ वर्षांत इंटर्नशिपचं वर्ष आत आहे, म्हणजे शेवटचा विषय सुटायला खरी मुदत आठच वर्षांची.

दुसऱ्यांदा नापास झालेल्या विद्यार्थ्याने कॅलेंडरवर ही तारीख लाल शाईने लिहावी आणि घरच्यांनाही दाखवावी. शेवटच्या संधीपर्यंत आईवडिलांना काहीच माहीत नसतं, असं फार वेळा होतं.

## टप्पा ९: शेवटचं वर्ष

चौथ्या वर्षाच्या वर वर्ग नाही, त्यामुळे "एक विषय घेऊन वर" हा मार्ग इथे संपतो. आठही विषय सुटल्याशिवाय इंटर्नशिप सुरू होत नाही. इंटर्नशिप पूर्ण झाल्यावर महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडे नोंदणी, आणि मगच स्वतंत्र प्रॅक्टिस.

एमडीएस, म्हणजे दंतवैद्यकातलं पदव्युत्तर शिक्षण, करायचं असेल तर नीट-एमडीएस या प्रवेश परीक्षेसाठी ठरलेल्या तारखेपर्यंत इंटर्नशिप पूर्ण व्हावी लागते. शेवटच्या वर्षी सहा महिने मागे पडलात तर ती तारीख हुकून प्रवेशाचं एक पूर्ण वर्ष जाऊ शकतं. म्हणून आठपैकी सोपा वाटणारा विषय शेवटी ठेवू नका. पब्लिक हेल्थ डेंटिस्ट्री असो की पेरिओ, पास होण्याची अट सगळ्यांना तीच: थिअरीत ५०, प्रॅक्टिकलमध्ये ५०.

## काही चुकलं असेल तर

हजेरी चुकीची लागली, इंटर्नल चढले नाहीत, अर्जात विषय नोंदवायचा राहिला, तर तोंडी सांगून थांबू नका. एका पानाचा अर्ज लिहा: नाव, वर्ष, रोल नंबर, नेमकी चूक, पुरावा म्हणून काय जोडलं आहे आणि काय दुरुस्ती हवी. आधी विभागप्रमुख, मग अधिष्ठाता किंवा प्राचार्य, आणि कॉलेजमार्फत विद्यापीठाचा परीक्षा विभाग, असा क्रम ठेवा. मधली पायरी गाळून थेट नाशिकला गेलात तर अर्ज बहुधा कॉलेजकडेच परत येतो आणि आठवडा जातो.

अर्जाच्या दोन प्रती न्या. एक जमा करा, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. आठ दिवसांत उत्तर नाही आलं तर त्याच आवक क्रमांकाचा उल्लेख करून स्मरणपत्र द्या, आणि त्याचीही पोच फाइलला लावा.